अकरा नंबरचा बेस

पहाटे ४.४०
खारेपाटात रात्रभर पाऊस पडतोय. अंगणात घोटाभर पाणी. काका उठतात, गॅसवर चहा ठेवतात, बायकोला उठवत नाहीत. गणपती दीड महिन्यावर आलेत आणि ती रात्री अकरापर्यंत गावातल्या कारखान्यात मूर्तींना रंग देत होती. डबा तिने झोपण्याआधीच भरून ठेवलाय. तांदळाच्या दोन भाकऱ्या, जवळ्याचं सुकं, कांदा. काका स्टीलचा डबा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळतात, वर दोरी बांधतात. बूट दुसऱ्या पिशवीत. पायांत स्लिपर. नाक्यापर्यंत मोटरसायकल, पेट्रोल आठवड्याला दोनशेचं.

वय ५१. आईबापांनी ठेवलेलं नाव गेटपासवर आहे. शॉपमध्ये ते कुणी घेत नाही. सगळे काका म्हणतात, म्हणून इथेही काकाच.

५.३५
पेण. कंपनीची बस पर्मनंट कामगारांसाठी आहे. महिन्याला पगारातून चारशे कापतात, पण जागा ठरलेली असते. ठेकेदाराच्या पोरांना बस नाही. ती इको किंवा मॅजिकनं येतात, एका बाजूचे चाळीस. काकांचा हेल्पर त्यातलाच. चोवीस वर्षांचा, रोह्याजवळच्या गावचा. आधी धाटावच्या एमआयडीसीत ड्रम भरायचा. केमिकलनं हाताची कातडी सोलली, म्हणून ते सोडलं. आता पेणला चौघांत एक खोली आहे, वाट्याला बाराशे भाडं. शनिवारी संध्याकाळी पेण स्टेशनवरून गाडी धरून घरी, रविवारी रात्री परत.

पेण-खोपोली रस्त्यावर पहाटेपासून ट्रेलर. एकेका ट्रेलरवर एक किंवा दोन कॉइल, म्हणजे पत्र्याच्या गुंडाळ्या, साखळदंडानं जखडलेल्या, वर ताडपत्री. डोलवीला जेएसडब्ल्यूच्या कारखान्यात गरम पत्रा तयार होतो. खोपोलीच्या बाजूला तो थंड लाटून पातळ करणारे कारखाने. डोणवतचा उत्तम गाल्वा २०२२मध्ये आर्सेलरमित्तल निप्पॉनकडे गेला. सावरोलीच्या बाजूचा भूषण स्टील त्याआधीच, २०१८मध्ये, टाटांकडे गेला. पाट्या बदलल्या, बसथांब्यांची नावं मात्र जुनीच चालतात. आपण ज्या कारखान्यात चाललोय त्याचं नाव लिहायचं नाही, या अटीवरच मला आत सोडलंय.

६.५०
गेट. पंचिंग, हेल्मेट, बूट, कानात घालायचे स्पंज. काका मळकट निळ्या शर्टाच्या खिशात तीन वस्तू ठेवतात: चष्मा, टॉर्च आणि पट्टीनं जोडलेलं ऑक्सिजनचं मीटर, मोबाइलएवढं. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. १९.५च्या खाली गेला की मीटर ओरडतं. इथे आग दिसते, गरम लोखंड दिसतं, क्रेनचा भोंगा ऐकू येतो. नायट्रोजन दिसत नाही, त्याला वास नाही, आणि माणूस दोन श्वासांत असतो तिथेच कोसळतो. बेसखालच्या खड्ड्यात पंख्याची मोटर आणि व्हॉल्व्ह असतात. तिथे उतरताना आधी मीटर दोरीनं खाली सोडायचं, मग माणूस.

७.००
पाळी बदलते. नाइटच्या ऑपरेटरचे डोळे लाल. लॉगबुक पुढे सरकवतो. शॉपमध्ये बेसच्या दोन रांगा आहेत, लोखंडी चबुतरे. प्रत्येकावर कॉइलची चळत, तिच्यावर पातळ लोखंडी कव्हर, आणि कव्हरवर, ज्याची पाळी असेल त्याच्यावर, तापवणारं हूड किंवा थंड करणारं हूड. बाहेरून बघितलं तर घंटा उपड्या ठेवल्यासारखं दिसतं. म्हणून पुस्तकात याला बेल अ‍ॅनिलिंग म्हणतात. इथे म्हणतात बेस.

"नऊ गार होतोय. एकशे सव्वीस. अकरा मोकळा हाय. प्लॅनिंगवाला दोनदा येऊन गेला."

"काय म्हणतो?"

"नऊ खोला म्हणतो."

काका पॅनलकडे बघतात. १२६. कागदावर ११० लिहिलंय. पावसाळ्यात काका शंभरापर्यंत थांबतात. त्यांना तसं कुणी सांगितलेलं नाही.

हे थांबणं समजायला पत्र्याचा मागचा प्रवास बघावा लागतो. गरम पत्र्यावर काळा पोपडा असतो. तो आधी हायड्रोक्लोरिक आम्लात धुऊन काढतात. मग स्वच्छ पत्रा थंड असतानाच रोलमध्ये दाबून पातळ करतात. दोन-अडीच मिलिमीटरचा पाऊण मिलिमीटर होतो. पण दाबताना आतले कण चिरडून लांबट होतात आणि पत्रा कडक, ठिसूळ होऊन बसतो. छपराला असा कडक पुष्कळदा चालतो. कपाटाचं दार, पंख्याचं झाकण, ड्रमचा तळ काढायचा तर तो वाकवताना तडकेल. मऊ करायला सहाशे ऐंशी ते सातशे अंश लागतात. कण नव्यानं जुळतात. ७२७च्या वर मात्र जायचं नाही. तिथून पुढे लोखंडाच्या आतली घडणच बदलू लागते.

आता सातशे अंशांना उघड्या हवेत पत्रा ठेवला तर पुन्हा काळा पोपडा. पुन्हा आम्ल. आम्लात गेला की रोलवरून आलेली झळाळी गेली. म्हणजे आधीची सगळी मेहनत वाया. म्हणून पत्रा तापवायचा, पण हवा लागू द्यायची नाही. गार होतानाही नाही. तीनशे अंशांना उघडला तर निळा पडतो, दोनशे तीसला फिकट पिवळा. शंभराच्या आत आला की हवेचं काही चालत नाही.

७.५५
१०२. काका मान हलवतात. क्रेन येते.

क्रेनवाला सिवानचा, सतरा वर्षं इथे. केबिन वर, छताखाली. खालची सगळी ऊब वर जाऊन तिथे साठते. केबिनमध्ये एक लहान पंखा आहे, तो गरम हवाच फिरवतो. पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन चढतो आणि शक्यतो उतरत नाही, कारण शिडीच्या पायऱ्या अडुसष्ट आहेत. तोही ठेक्यावर. हजेरी सातशे वीस.

थंड करणारं हूड उठतं. मग आतलं कव्हर. हे स्टेनलेसचं, नागमोडी पन्हाळ्यांचं, माणसाच्या अडीचपट उंच. क्लॅम्प हेल्परनं आधीच सोडवलेत. कव्हर वर जातं आणि खाली उघड्या पडतात चार कॉइल, एकावर एक.

काका टॉर्च घेऊन कडा बघतात. कॉइलच्या गोल कडेवर प्रकाश फिरवतात, खालून वर. पांढरी, पांढरी, पांढरी. सर्वांत खालच्या कॉइलच्या कडेला करडा पट्टा. बोट लावतात. काजळी.

"तेलाची हाय. हवा नाय." आणि हात फडक्याला पुसतात.

रोलमध्ये पत्र्यावर तेलपाण्याचं दूध सोडतात. ते नीट पुसलं गेलं नाही तर तापताना जळून कडेला काजळी होऊन बसतं. ती चूक मिलची, भट्टीची नाही. लॉगबुकात काका तसं लिहून ठेवतात. लिहिलं नाही तर महिनाअखेर मीटिंगमध्ये ती भट्टीच्या नावावर चढते.

८.३०
अकरा नंबर रिकामा. हेल्पर गुडघ्यावर. बेसच्या कडेला गोल चर, चरात रबराची रिंग, मनगटाएवढी जाड. खालून पाणी खेळतं, म्हणून ती वितळत नाही. कव्हरची कड या रिंगवर बसते. हवा आणि सत्तर टन पत्रा यांच्यामध्ये एवढी एक रिंगच असते.

जुन्या काळी हीच जागा वाळूची होती. पत्र्याच्या थप्प्या ओतीव पेटीत ठेवायच्या, वरून झाकण, आणि झाकणाची कड वाळूच्या चरात रुतवायची. वाळूतून हवा झिरपायची तेवढी झिरपायची. रबर आलं, मग आतला वायू आपल्याला हवा तो ठेवता येऊ लागला.

हेल्पर आधी झाडूनं पोपडे काढतो. मग पत्र्याच्या तुकड्यानं खरवडतो. मग कॉटन वेस्टनं पुसतो. कॉटन वेस्ट म्हणजे गिरणीतल्या सुताचा गुंता. ते किलोवर येतं. हातमोजे आठवड्याला एक जोडी, ठेकेदाराकडून. ते बुधवारपर्यंत फाटतात. मग पोरं पेणच्या बाजारातून वीस-पंचवीसचे विकत घेतात. हेल्परच्या उजव्या मोज्याचा अंगठा नाही. त्या अंगठ्यानं तो रिंगवर खडा लागतो का बघतो. मोजा असता तर कळलं नसतं, असं तो म्हणतो. खरंही असेल. पण बेस अजून सत्तर अंशांवर आहे.

९.१०
चळत रचायची. पहिली कॉइल सी-हुकवर लटकत येते. साडेसतरा टन. पावसात ट्रेलरवरून उतरलेला माल दोन दिवस मिलला पडून होता, मग रोलमधून निघाला. वेटोळ्यांवर ओल दिसते. काका हात वर करून क्रेन थांबवतात. खालून कडेवर हात फिरवतात. गार, चिकट.

"हवा मार."

हेल्पर कॉम्प्रेसरची नळी आणून कडेवर हवा मारतो. वेटोळ्यांच्या फटीतून पाण्याचे थेंब उडतात. पाणी आत गेलं तर तापल्यावर वाफ होते, आणि तापलेल्या लोखंडाला वाफ हवेइतकीच नडते. लोखंड वाफेतला ऑक्सिजन ओढून घेतं. कोकणातल्या पावसाळ्यात हे रोजचं काम. कागदावरच्या कामांत ते नाही. एका कॉइलला सात-आठ मिनिटं, चार कॉइलना अर्धा तास. प्लॅनिंगवाला लांबून घड्याळ बघतो.

दोन कॉइलच्या मध्ये कन्व्हेक्टर प्लेट. लोखंडाची जाड चकती, दोन्ही बाजूंना वळणदार पट्ट्या, वायू फिरायला वाट. बेसच्या तळाशी पंखा आहे. तो वायू कव्हरच्या भिंतीलगत वर ढकलतो, आणि वायू या चकत्यांच्या वाटांनी आत घुसून कॉइलच्या पोटातून खाली येतो. प्लेट हातानं हलत नाही. क्रेननं ठेवायची, पण मधोमध बसवायला दोघांनी पहार लावायची. बोटं आत ठेवायची नाहीत. काकांच्या डाव्या हाताची करंगळी पहिल्या पेरापर्यंतच आहे. ते २००६चं. त्या वेळी ते ठेक्यावर होते.

१०.२०
चहा. स्टीलच्या पिंपातून कागदी कपात, कंपनीचा, फुकट. वडापाव फुकट नाही. कँटीनच्या खिडकीवर पर्मनंटला कुपनावर सहा रुपये, ठेक्याच्या पोरांना वीस. काका दोन घेतात, एक हेल्परपुढे सरकवतात. तो नाही म्हणत नाही. हे रोजचं असावं.

काकांचा पगार हातात तेहतीस हजार. बावीस वर्षांची नोकरी, त्यातली नऊ ठेक्यावर. हेल्परची हजेरी पाचशे साठ, पी. एफ. कापायच्या आधीची. महिन्याचे सव्वीस दिवस भरले तर चौदा हजार पाचशे साठ. चळतीतल्या चार कॉइल मिळून सत्तर टन. किलोला साठ रुपये धरले तर बेचाळीस लाखांचा माल. हा गुणाकार मी वहीत केला. काकांनी तो बघितला आणि चहा संपवला.

१०.४०
कव्हर बसवायचं. क्रेनवाला वरून बघतो तेव्हा त्याला रिंग दिसत नाही, फक्त काकांचे हात दिसतात. तळहात खाली, हळू. बोटं फिरवली, डावीकडे. मूठ, थांब. शिट्टी फार वापरत नाहीत, कारण बाजूच्या बेसवरही शिट्टी असते. कव्हर चळतीवरून सरकत खाली येतं. दोन्ही बाजूंना तळहाताएवढी जागा. रिंगवर टेकतं. हेल्पर गोल फिरून क्लॅम्प आवळतो, समोरासमोरचे जोडीनं, एका बाजूनं ओळीत नाही. ओळीत आवळले तर दुसरी बाजू उचलली जाते.

११.०५
गळती बघायची. आत नायट्रोजनचा थोडा दाब भरतात, व्हॉल्व्ह बंद, आणि दहा मिनिटं काटा बघत बसायचं. काटा हलता कामा नये.

चौथ्या मिनिटाला हलतो. अगदी थोडा.

हेल्पर डबा घेऊन येतो. रंगाचा जुना डबा, त्यात निरम्याचं पाणी, आणि चुना मारायचा ब्रश. दहा रुपयांची पुडी आठवडाभर पुरते. सगळ्या कडेनं फेस लावत जातो. वाकून, मान तिरकी करून. पंख्याची मोटर बंद, तरी शेडमध्ये इतका आवाज की फुस्स ऐकू येणं शक्य नाही. डोळ्यांनीच बघायचं. पाऊण फेरी झाल्यावर तो थांबतो. मसुराएवढे बुडबुडे, एकामागून एक, एकाच जागी.

"काका, सातव्याखाली."

काका सातवा क्लॅम्प अजून अर्धा आटा आवळतात. बुडबुडे येतातच. प्लॅनिंगवाला जवळ आलेला असतो. एवढ्यानं काय होतंय, आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्तच आहे, वायू बाहेर जाईल, हवा आत कशी येईल, असं त्याचं म्हणणं. चुकीचं नाही. जोवर आत दाब आहे तोवर हवा येत नाही. पण गार होताना आतला वायू आकसतो. तेव्हा पुरवठा मिनिटभर जरी कमी पडला तरी याच फटीतून हवा ओढली जाईल, आणि तेव्हा पत्रा चारशे-पाचशे अंशांवर असेल. काका हे सगळं बोलत नाहीत. म्हणतात, "खोलतो. वीस मिन्टं."

क्रेनवाला केबिनच्या खिडकीतून डोकं काढतो. "अभी बोलो. फिर मत बोलना."

कव्हर हातभर उचलतात. हेल्पर आडवा होऊन खाली हात घालतो. लटकणाऱ्या वजनाखाली हात घालू नये असं समोरच्या भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलंय. काका आधी चार लाकडी ठोकळे कडेला सरकवतात, मग त्याला हात घालू देतात. तो अंगठा फिरवतो. मग दोन बोटांत काहीतरी धरून बाहेर काढतो. सूत. कॉटन वेस्टचं, बोटभर लांब. त्याच्याच सकाळच्या पुसण्यात राहिलेलं.

कुणी काही बोलत नाही. काका ते सूत घेऊन खिशात घालतात. हेल्परचे कान लाल.

"कुकरच्या रिंगला भाताचं शीत लागलं तरी शिट्टी होत नाय," ते थोड्या वेळानं म्हणतात, त्याच्याकडे न बघता. "तसंच हाय हे."

११.४५
दुसऱ्यांदा दहा मिनिटं. काटा हलत नाही. लॉगबुकात 'गळती चाचणी: दुसऱ्या वेळी बरोबर'. पहिली का बिघडली त्या रकान्यात काका लिहितात: 'कचरा'. कुणाचा ते लिहीत नाहीत.

मग पर्ज. कव्हरच्या आतली हवा नायट्रोजननं हुसकायची. हा नायट्रोजन बाहेरच्या हवेतूनच काढलेला असतो. शेडच्या मागे दोन उंच टाक्या आहेत, त्यातल्या चाळणीत ऑक्सिजन अडकतो आणि नायट्रोजन पुढे निघतो. रायगडच्या पावसाळी हवेतला चार-पंचमांश भाग आत घ्यायचा आणि एक-पंचमांश बाहेर ठेवायचा, सगळा खटाटोप यासाठी.

नुसता नायट्रोजन पुरत नाही. पत्र्यावर कुठे थोडा गंज असेल, कुठे ओल राहिली असेल, तर तो ऑक्सिजन ओढून न्यायला कुणीतरी लागतं. ते काम हायड्रोजनचं. या जुन्या शेडमध्ये तो पाच टक्के मिसळतात. त्याच्या वर गेला तर मिश्रण हवेत पेटू शकतं. पलीकडच्या नव्या शेडमध्ये निव्वळ हायड्रोजन वापरतात. तो नायट्रोजनच्या सातपट वेगानं उष्णता वाहतो, त्यामुळे तिथे चार्ज, म्हणजे कॉइलची एक खेप, लवकर निघतो आणि काजळीही कमी. तिथे ऑपरेटर काचेच्या खोलीत बसतो, एसीत. काकांना तिकडे बोलावलं होतं. कॉम्प्युटरची परीक्षा होती. ते गेले नाहीत.

इथला हायड्रोजन अमोनिया फोडून काढतात. अमोनिया म्हटलं की रायगडच्या माणसाला थळ आठवतं. तिथे आरसीएफ खतासाठी अमोनिया बनवते. तोच वायू नऊशे अंशांना निकेलवरून नेला की त्याचे तीन भाग हायड्रोजन, एक भाग नायट्रोजन होतात. अमोनियाच्या खोलीजवळून जाताना नाकाला चुरचुर लागली तर ताबडतोब कळवायचं. काकांच्या मते या कारखान्यातला हा एकच प्रामाणिक वायू. येतो तेव्हा सांगून येतो.

१२.४०
ऑक्सिजनचा काटा अर्ध्या टक्क्याखाली. आता हूड.

हूड पाच नंबरवरून उचलून आणायचं. ते आत्ताच एका चार्जवरून मोकळं झालंय आणि आतून लालभडक आहे. ते गार होऊ देत नाहीत. तापलेलं तसंच पुढच्या बेसवर टाकलं की गॅस वाचतो. क्रेन ते उचलते. शेडमध्ये बाकी सगळं करडं असतं, आणि त्यात ही लाल पोकळी अधांतरी सरकत येते. वीस पावलांवरून चेहऱ्याला चटका बसतो. पाऊस छतावर ताशा वाजवतोय आणि इथे घाम डोळ्यांत उतरतो. सगळे मागे होतात. हेल्परही. काका मागे होत नाहीत, कारण खुंट्यांवर हूड नीट उतरतंय की नाही ते त्यांनाच बघायचं असतं. तोंडापुढे हात धरून, चष्मा काढून. चष्म्याची काडी तापते.

हूड बसतं. गॅसची नळी, हवेची नळी, थर्मोकपलची वायर. पायलट पेटतो. बर्नर एकेक करून धडधडतात. ज्वाळा हूड आणि कव्हर यांच्यामधल्या जागेत. पत्र्याला ज्वाळा दिसतसुद्धा नाही.

१.१५
जेवण. भाकरी मऊ राहिली आहे. हेल्परच्या डब्यात मेसचा भात आणि पातळ डाळ. मेसचे महिन्याला अडीच हजार. काका जवळा त्याच्या झाकणात काढतात.

"सुट्टीला जाणार काय रं?"

"नाय काका. या रविवारी डबल धरलीय. भाताला खत घ्यायचंय. बापूस म्हणाला पैसे पाठव."

काकांच्या गावची शेती खारी. पावसाचं एकच पीक, आणि बांध फुटला तर तेही नाही. उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरनं. मुलगा पनवेलला मोबाइलच्या दुकानात. मूर्ती रंगवणं त्यालाही शिकवलं होतं, पण त्याला आखणी जमली नाही. डोळ्याची रेघ थरथरते म्हणे. आईची थरथरत नाही. तिला सीझनमध्ये दिवसाला साडेचारशे मिळतात. आखणी करणाऱ्याला जास्त, पण ती कामं कारखानदार नेहमीच्या पुरुषांना देतो.

१.५०
सकाळच्या नऊ नंबरमधली काजळीवाली कॉइल तपासणीला उलगडून बघतात. पट्टा कडेपासून दोन बोटं आत गेलाय. क्वालिटीवाला मुलगा डिप्लोमा झालेला, नवा. पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा पत्र्यावर दाबतो, काढतो, उजेडात धरतो. काळं किती आलं ते बघतो. कपाटवाल्या गिऱ्हाईकाला चालणार नाही, रंग धरणार नाही. ड्रमवाल्याला कडा कापून चालेल. किलोमागे तीन रुपये कमी. साडेसतरा टनांना साडेबावन्न हजार. तो आकडा हेल्परच्या साडेतीन महिन्यांच्या हजेरीहून मोठा आहे. आणि चूक त्या सुतासारखीच, कुणाच्या तरी पुसण्यातली. फक्त दुसऱ्या शेडमधली.

२.४०
अकरा नंबर: १९० अंश. पंख्याची घरघर सारखी. काका तळहात मोटरच्या खांबावर ठेवून दोन मिनिटं उभे राहतात. थरथर बघतात. पॅनलवर हे दाखवणारं यंत्र आहे. ते बंद आहे, मे महिन्यापासून. लॉगबुकात दर अर्ध्या तासाचं तापमान, वायूचा दाब, बाहेर पडणाऱ्या वायूतली ओल. सोकिंगला पोहोचायला उद्या पहाट होईल. मग तिथे काही तास मुरवत ठेवायचं, आतल्या वेटोळ्यापर्यंत ऊब जायला. मग हूड काढायचं आणि गार करायचं. गार व्हायला तापायच्या दीडपट वेळ. सगळं मिळून अडीच-तीन दिवस. एका चार्जला आठ-नऊ पाळ्यांचे हात लागतात, आणि जो बंद करतो तो सहसा उघडत नाही.

३.००
दुसरी पाळी येते. काका नव्या ऑपरेटरला एकच गोष्ट तोंडी सांगतात. "सातव्या क्लॅम्पवर नजर ठेव. गार व्हायला लागलं की नायट्रोजन कमी करू नको. कुणी सांगितलं तरी."

हेल्परची पाळी बदलत नाही. त्याच्या जागेवर येणारा पोरगा आला नाही. पूल पाण्याखाली, असा फोन आला. ठेकेदाराचा सुपरवायझर येतो, खांद्यावर हात ठेवतो. डबल. कायद्यात जादा वेळेला दुप्पट मजुरी आहे. ठेकेदाराच्या वहीत ती एकपट लागते. हेल्पर मान डोलावतो. फाटका मोजा काढून उलटा करतो आणि डाव्या हातात घालतो, म्हणजे अंगठ्याचं भोक दुसऱ्या हाताला जातं.

४.२०
पेण. पाऊस थोडा उघडलाय. भोगावतीला पाणी चढलंय. काका बाजारात उतरतात. पाव किलो मिरची, लसूण, अर्धा डझन अंडी, बायकोसाठी दोन नंबरचा एक ब्रश, पस्तीस रुपये. कारखान्यातले ब्रश तिला चालत नाहीत, केस गळतात आणि मूर्तीच्या रंगात अडकतात. हातमोज्यांच्या दुकानासमोर थांबतात. दोन जोड्या घेतात. पन्नास सांगतो, पंचेचाळीसला देतो. स्वतःला त्यांना कंपनीचे चामड्याचे मिळतात.

रात्री ११.००
हेल्पर सोळा तासांनी गेटबाहेर. अकरा नंबर तेव्हा साडेचारशेच्या पुढे. बस नाही, इको नाही. खोपोलीकडून येणाऱ्या टेम्पोला हात करतो, साठ रुपये. आज येण्याजाण्याचे शंभर झाले. हजेरी अकराशे वीस, महिन्याच्या दहा तारखेला.

शुक्रवारी, नाइट पाळीत, अकरा नंबर ९८ अंशांना उघडला. तेव्हा काकांची सुट्टी होती. चारही कॉइलच्या कडा पांढऱ्या निघाल्या आणि माल कपाटवाल्याकडे पूर्ण भावानं गेला.